देरिवालचा एक सूर

"बांबू खाली ठेव, कोम्पे देरिवाल," कर्नल सेन्तिलोम म्हणाला, "आणि आधी सांग, आपलं गाणं पलीकडे गेलं कसं?"

आंब्याखालची तालीम थांबली. कर्नल म्हणजे आमच्या रारा मेळ्याचा पुढारी. फौजेत तो कधीच नव्हता. आणि कोम्पे म्हणजे घरोब्यातला गडी; बाई असली की आम्ही कोमे म्हणतो. ईस्टरच्या आधीचे आठवडे आम्ही वाजवत गावोगाव फिरतो आणि दरवर्षी नवं गाणं बांधतो. पहिल्या मिरवणुकीपर्यंत ते कुणाच्या कानावर पडू द्यायचं नाही. यंदा मात्र आम्ही बाहेर पडण्याआधीच नदीपलीकडच्या कासेलच्या मेळ्याने आमचीच चाल आमच्याच दारावरून वाजवत नेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणाऱ्या बायकांची म्होरकी मी, नाक माझं कापलं गेलं.

संशय देरिवालवर गेला, कारण त्याची मुलगी कासेलमध्ये नांदते. खरं सांगायचं तर तो संशय मीच कर्नलच्या डोक्यात भरवला होता. "दर शनिवारी रताळी घेऊन लेकीकडे जातो," मी म्हणाले होते. "रताळीच नेतो कशावरून?"

देरिवाल गाढवांची खोगिरं शिवून पोट भरणारा माणूस. तीस वर्षं मेळ्यात एकच बांबू फुंकत होता, सगळ्यात जाडा. आमच्या एका बांबूतून एकच सूर निघतो. पाच जण आपापल्या वेळी फुंकतात, तेव्हा कुठे चाल होते.

"कर्नल, माझ्याकडे एकच सूर," तो म्हणाला. "बायको म्हणते गाऊन दाखव, तर मी 'हूं' करतो नि गप्प बसतो. ती हसत सुटते. एवढ्याशा 'हूं'चं मी कुणाला काय देणार?"

"कान तर दोन आहेत ना?" मी म्हणाले.

सगळे खो खो हसले. देरिवाल हसला नाही. त्याने टोपी चढवली, बांबू उचलला आणि एवढंच म्हणाला, "लेकीकडे जायचं मी सोडणार नाही." मग तो चालू लागला. कुणीही त्याला अडवलं नाही.

त्याच आठवड्यात राजधानीहून रेडिओवाले आले. चोरीला गेली तरी चाल आमची, ती आमच्याच नावावर वाजायला हवी, असं कर्नलचं म्हणणं. तेवढाच जाडा नवा बांबू कापून त्यावर तिघांनी जोर लावून पाहिला. एकालाही वेळ साधेना. शेवटी ती जागा रिकामीच ठेवून आम्ही वाजवलं. रेडिओवाला टाळ्या पिटत म्हणाला, "अहाहा, ती मधली शांतता! आपल्या देशाचा आत्मा आहे हो तो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोलते कशाला!

ईस्टर होऊन गेला. एका शनिवारी मी नदीवर धुणं आपटत तेच गाणं गात होते. समोरच्या काठावरून कासेलच्या एका बाईने पुढची ओळ उचलली.

"काय गं, तुला हे कुणी शिकवलं?" मी ओरडले.

"कुणी म्हणजे? तूच की, कोमे एलियासीन! मेळा निघायच्या आधीपासून गातेयस. आम्ही काय कानात बोळे घालून बसायचं?"

साबण हातातून निसटून वाहून गेला. धुणं तसंच ओलं काखोटीला मारून मी देरिवालच्या अंगणात गेले. तो खोगीर शिवत बसला होता. शेजारी ट्रान्झिस्टर चालू होता.

"बस. कॉफी घेशील?"

"गाणं मी फोडलं, कोम्पे," मी उभ्याउभ्याच म्हणाले. "धुणं धुताना."

"माहीत आहे," तो मान वर न करता म्हणाला. "लेकीकडे जायची वाट तिथूनच जाते. दर शनिवारी ऐकत होतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला काढलं असतं. बांबू पाच आहेत. तुझ्यासारखी गाणारी कोण होती दुसरी?"

मी धुणं खाली ठेवून त्याच्या शेजारी बसले. तेवढ्यात ट्रान्झिस्टरवर आमचंच गाणं लागलं. निवेदक म्हणाला, आता हे देशभर घरोघर म्हटलं जातंय. रस्त्यावरून पाटी घेऊन चाललेली एक बाईही ते गुणगुणत होती, मधल्या जागी बरोबर थांबून.

ती जागा आली. देरिवालची सुई थांबली.

"हूं," तो हळूच म्हणाला, आणि पुढचा टाका घालू लागला.