दोन गोलांचं पिंप

त्या घरात खरं नाक एकच होतं. बाकीच्यांना जी होती ती चष्मा टेकवायला आणि सर्दी व्हायला.

ते नाक सासऱ्यांचं. जुनी पिंपं विकायचा त्यांचा धंदा. कारखान्यांतून रिकामी झालेली निळी प्लास्टिकची पिंपं टेंपोतून यायची, अंगणात उतरायची, आणि सासरे एकेकाचं बूच काढून आत नाक लावायचे. डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "सरबत." किंवा "साबण." किंवा "हे डांबरवाल्याला द्या." शेवटी पांढऱ्या रंगात बोट बुडवून पिंपावर खूण करायचे. फुली म्हणजे रंग, डांबर, सांडपाणी असल्या कामाला. गोल म्हणजे प्यायचं पाणी खुशाल भरा. गावात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, त्यामुळे गोलावर गिऱ्हाइकांच्या उड्या पडायच्या. लोक त्यांना तोंडावरच नाकवाले म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. काही माणसांना पदवी असते, सासऱ्यांना नाक होतं.

मुलगा पिंपं धुवायचा. सून पुढच्या खोलीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. सासूबाई नव्हत्या. त्यांची खुर्ची होती, तिच्यावर दुपारी सासरे पेपर वाचत बसायचे.

नातू झाला तेव्हा सासऱ्यांनी सोन्याचं काही केलं नाही. म्हणाले, "सोन्याला चोर लागतात." त्यांनी नातवासाठी पिंप काढलं. अंगणातल्या सगळ्यांतून निवडून, दोनदा नाक लावून, आणि त्याच्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन गोल काढले, एकात एक. खाली पितळेची तोटी बसवली आणि पिंप स्वयंपाकघरात आणून ठेवलं. सगळं घर त्यातलं पाणी पिऊ लागलं. सुनेला पहिल्या आठवड्यात चहाला कसलासा गोडसर वास आला होता. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांनी नाक लावलंय त्याला." विषय संपला. पुढे तो वास तिच्या सवयीचा झाला आणि नंतर येईनासाच झाला.

नातू जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता, म्हणून त्याचं नाव ढब्बू पडलं. आता तो तीन वर्षांचा होता आणि नावाला जागायचं त्यानं सोडून दिलं होतं. जेवायचा नाही. जेवला तर उलटी. हात-पाय काटक्या, पोट तेवढं पुढं, आणि दिवसभर अंग खाजवायचा. सासऱ्यांचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे, चपलेत मावायचे नाहीत. त्या घरात दोघांनाही एकच कारण पुरत होतं, वय. ढब्बूचं लहान म्हणून आणि सासऱ्यांचं मोठं म्हणून.

एके दिवशी सुनेनं ढब्बूला उजेडात धरून नखं कापली, आणि तिला त्याचे डोळे पिवळे दिसले. ती इस्त्री बंद करून सरळ दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावलं.

"यकृताला सूज आहे. काय खातो हा?"

"काही नाही."

"पितो काय?"

"पाणी. पाणी मात्र छान पितो."

"कुठलं?"

"नळाचंच. पिंपात भरून ठेवतो."

"पिंपात आधी काय होतं?"

"सरबत."

"तसं लिहिलं होतं?"

"लिहिलेलं कुठलं? सासऱ्यांनी वास घेतला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "प्लास्टिक पीत असतं. त्यात जे साठवाल ते थोडं थोडं अंगात मुरवून घेतं. धुतलंत तर वरचं जातं, मुरलेलं राहतं. ते रोज जरा जरा पाण्यात उतरतं. पाण्यातून पोटात, पोटातून यकृतात, कारण गाळायचं काम त्याचं. त्याच्याकडून निसटलं की मूत्रपिंडांच्या गळ्यात. वास गेला म्हणजे वस्तू गेली असं नसतं. आणि काही विषांना मुळात वासच नसतो."

"पण त्याचं कधी दुखलं नाही हो."

"यकृत दुखत नाही. घरातल्या सुनेसारखं असतं ते. तक्रार नाही, राबायचं, आणि एक दिवस आडवं पडायचं. मग सगळे म्हणतात, अगं, आधी नाही का सांगायचं."

"आमच्या घरात सून मी एकटीच आहे."

"म्हणूनच सांगतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिंपातलं पाणी बाटलीत आणून द्या, तपासायला पाठवू. पण आजपासून त्यातला थेंब याच्या पोटात नको. लहान आहे. आत्ता थांबलं तर भरून येईल."

"आणि नाही थांबलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी खण उघडला. ढब्बूला एक गोळी दिली, चघळायची. त्यानं ती खिशात ठेवली.

घरी नवरा अंगणात पिंपाच्या आत अर्धा शिरून घासत होता. तिनं त्याच्या पायांना सगळं सांगितलं. बाकीचा तो सावकाश बाहेर आला.

"बाबांनी नाक लावलंय त्याला," तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात, वासावरून कळत नाही."

"डॉक्टरांनी लावलं का नाक?"

"ढब्बूचे डोळे बघ."

त्यानं डोळे बघितले. मग हातातला ब्रश बघितला. "अगं, हे पिंप खोटं ठरलं तर गावात दिलेली सगळी खोटी ठरतात. अर्धं गाव आपल्या पिंपांतलं पितंय. बाबांचं दुसरं आहे काय?"

"मी गावाला कुठं सांगतेय? मी फक्त पिंप बाहेर काढायचं म्हणते."

"ते बाहेर निघालं की वेगळं सांगायला नको," तो म्हणाला आणि परत पिंपात शिरला. त्या घरात अवघड प्रसंगी आत शिरायला पिंपं भरपूर होती.

मग तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. पहिलं म्हणजे दवाखान्यात बाटली नेऊन दिली; तपासणीचं उत्तर यायला पंधरा दिवस लागणार होते. नळाचं पाणी आलं की ढब्बूचं वेगळं स्टीलच्या डब्यात भरून, उकळून ठेवू लागली. सासऱ्यांना म्हणाली, "डॉक्टरांनी कोमट द्यायला सांगितलंय."

सासरे म्हणाले, "बरं." पण त्यांना ते लागलं. नातवाच्या नावानं काढलेलं पिंप, आणि नातवालाच त्यातलं नाही. सून इस्त्रीला उभी राहिली की ते ढब्बूला हाताला धरून स्वयंपाकघरात न्यायचे आणि तोटी सोडायचे. तिला ते कळलं तेव्हा ढब्बू आजोबांच्या मांडीवर बसून दोन हातांनी पेला धरून पीत होता, आणि सासरे त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "कोमट पाणी पितात ते म्हातारे. आपण दोघं गार पिणार."

तिनं पेला काढून घेतला. ढब्बू रडला. सासरे नुसते सुनेकडे बघत राहिले, तिनं सगळ्या गावासमोर त्यांच्या तोंडात मारल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वकिलांचा पांढरा शर्ट घेऊन टेबलाशी उभी होती. हातभर अंतरावर, टेबलाकडे पाठ करून, सासरे पेपर वाचत होते. अंगणात ढब्बू कशावरून तरी पडला आणि त्यानं भोकाड पसरलं. ती होती तशी धावली. गुडघा फुटला होता. तो धुतला, त्यावर फुंकर घातली, ज्या पिंपाला धडकला त्या पिंपाला एक चापट मारली. एवढ्यात अंगणाच्या पार टोकाकडून नवरा ओरडला, "काय जळतंय?"

वास तिलाही तेव्हाच आला. ती आत पळाली. मागोमाग तो. इस्त्री शर्टाच्या पाठीवर आडवी होती आणि खालून आता कुठं धुराची एक रेघ निघत होती. खोलीत नाक धरावं असा जळका दर्प भरला होता. सासरे पान उलटत होते.

तिनं इस्त्री उचलली. वकिलांच्या पाठीवर काळी इस्त्री उमटली होती.

"काय झालं?" सासऱ्यांनी चष्म्यावरून विचारलं. "पळताय कशाला दोघं?"

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मुलाकडे. मुलानं नाकावर हात धरला होता. तो हात बघून ते म्हणाले, "हां. मघाशीच आला वास. शेजारी डांबर चाललंय."

"बाबा," सून म्हणाली, "शर्ट जळलाय. तुमच्या पाठीमागे."

सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. आणखी घडी होईना तेव्हा म्हणाले, "वास येत नाही मला."

"कधीपासून?"

"तुझी सासू होती तेव्हापासून. तिचं दूध उतू गेलं आणि मी शेजारी बसलो होतो. तिला म्हटलं, सर्दी आहे. ती गेली तरी सर्दी काही गेली नाही." त्यांनी नाकाला बोट लावलं, जसं एखाद्या बंद पडलेल्या घड्याळाला लावतात. "जन्मभर कुठं कुठं घातलंय ते. गेलं असेल जळून."

"मग गोल कसे काढत होतात?"

सासऱ्यांनी मुलाकडे मान केली. "ह्याच्या तोंडाकडे बघून. मी नाक लावायचो, मग ह्याला म्हणायचो, तूही बघ, शिक जरा. ह्यानं तोंड वाकडं केलं की फुली. नाही केलं की गोल."

नवरा दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "मी तुमच्याकडे बघायचो, बाबा."

"म्हणजे?"

"तुम्ही काही न बोलता बूच माझ्याकडे दिलंत की मला वाटायचं, बरं असणार. वाईट असतं तर तुम्हीच म्हणाला असता. मला वास आला तरी मी म्हणायचो, आपल्याला काय कळतंय."

"आणि पिंपाकडे कोण बघत होतं?" सुनेनं विचारलं.

दोघांनी एकदम स्वयंपाकघराकडे बघितलं.

"त्या पिंपाला," सासरे म्हणाले, "दोन गोलवाल्या. आला होता तुला वास?"

"आला होता. पिकलेल्या केळ्यासारखा. जरा डोक्यात जाणारा. पण तुम्ही म्हणालात सरबत."

"मी सरबत म्हणालो, कारण तू हसत होतास."

"मुलगा झाला होता, बाबा," नवरा म्हणाला. "त्या दिवशी मी सगळ्यांकडेच बघून हसत होतो."

ढब्बू फुटका गुडघा घेऊन आत आला आणि त्यानं तो सगळ्यांना एकदा दाखवला. सासऱ्यांनी तो नीट बघितला. मग ढब्बूची हनुवटी धरून, उजेडाकडे वळवून, डोळे बघितले. हे त्यांनी आजवर केलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपलं काम नाकाचं.

ते उठले, सुजलेले पाय चपलेत कोंबले आणि कपाटातून ड्रिल मशीन काढलं. स्वयंपाकघरातलं पिंप मुलाच्या मदतीनं मोरीत आडवं करून ओतून टाकलं. मग खाली बसून त्यांनी त्याला भोक पाडलं, बरोबर दोन गोलांच्या मधोमध. मग तळाला तीन. पुन्हा कोणी त्यात पाणी भरू नये असं.

"वायर पुरायची नाही," ते सुनेला म्हणाले. "तुझा तो इस्त्रीचा लांब वायरचा बोर्ड घे. समोर जायचंय."

"समोर कशाला?" नवऱ्यानं विचारलं, पण कशाला ते त्याला कळलं होतं. पिंपं गेल्यावर लोकांना पाणी भरायला काहीतरी हवं, म्हणून तो घरातल्या होत्या तेवढ्या बादल्या गोळा करायला गेला.

समोर शिंपीणकाकू राहायच्या. तोंडानं तिखट, पण मनानं सुतासारख्या सरळ. त्यांच्या ओसरीवर एका गोलाचं पिंप होतं. सासरे दारात ड्रिल घेऊन उभे, मागे सून, तिच्या एका हातात वायरचा बोर्ड आणि कडेवर ढब्बू, त्यांच्या मागे बादल्या घेऊन नवरा.

"काय हो नाकवाले," काकूंनी शिवणाचं मशीन थांबवलं, "वरात कुठं निघाली?"

"तुमच्या पिंपाला भोक पाडायचंय."

"अगंबाई. विकताना काय म्हणाला होतात, नातवंडं पितील ह्यातलं."

"म्हणालो होतो."

"मग आता काय झालं?"

सासऱ्यांनी एकदा मागं बघितलं. रस्त्यावर दोन-तीन माणसं थांबली होती. बादल्या बघितल्या की माणसं थांबतातच. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "माझं नाक गेलंय. हे पिंप दिलं तेव्हाही नव्हतं. आत काय होतं ते मला ठाऊक नाही. पोरगा आजारी आहे आमचा."

शिंपीणकाकूंनी ढब्बूकडे बघितलं. मग मशीनचा प्लग काढला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "इथं लावा. मशीनवर भुगा उडवू नका, लग्नाचं कापड आहे." आणि जरा थांबून, "माझ्या पिंपाला कसला होता वास? काहीच नव्हता बाई. म्हणून तर घेतलं."

"काही विषांना नसतो," सून म्हणाली.

ड्रिल सुरू झालं. ढब्बूनं दोन्ही कानांवर हात ठेवले. थांबलं तेव्हा तो म्हणाला, "पाणी."

सासरे सवयीनं समोरच्या पिंपाच्या तोटीकडे वळले, आणि त्यांनीच पाडलेल्या भोकातून चपलेवर पडणारी धार बघून थांबले. काकूंनी आतून पेला आणला. "पिंपातलं नाही, नळाचं आहे. सकाळी कळशीत भरलंय, उकळून."

सासऱ्यांनी पेला घेतला. जुनी खोड, त्यांनी त्यात नाक घातलं. डोळे मिटले. मग उघडले आणि पेला तसाच धरून सुनेच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिनं पेला आपल्याकडे घेतला. उजेडात धरून बघितला, वास घेतला, आधी स्वतः एक घोट प्यायली आणि परत त्यांच्या हातात दिला.

"द्या," ती म्हणाली.