प्रफुलचा रोवणा

मुखरूकाका गेल्याचं जाहिदला कळलं ते तेरवी उरकल्यावर, तेही बाजारात भेटलेल्या त्यांच्या गावच्या माणसाकडून. बैल चारायला गेलेल्या म्हाताऱ्याला वाघानं जंगलाच्या कडेला धरलं होतं. काकांचा मुलगा प्रफुल चंद्रपूरच्या गॅरेजात जाहिदसोबत कामाला. दोघं एकाच डब्यात जेवायचे. ‘गावी जाऊन येतो’ एवढंच बोलून तो गेला, अन् नंतर एक फोन नाही.

दुसऱ्याच दिवशी जाहिद नागभीडकडच्या गाडीत बसला. त्याच्या मोहल्ल्यात मयत झाली की घर माणसांनी भरतं. शेजारी जेवण आणतात, गळ्यात पडून रडतात, गेलेल्याच्या आठवणी काढतात. दुःखात साथ म्हणजे हेच, असं तो समजत आला होता.

प्रफुल घरी नव्हता, बांदीत, धानाच्या शेतात होता. अर्धं गाव चिखलात वाकून त्याचा धानाचा रोवणा करत, रोपं लावत होतं. कोणी बोलत नव्हतं. जाहिदनं धुऱ्यावर, बांधावरच त्याला मिठी मारली आणि स्वतःच हुंदके देऊ लागला. प्रफुल चिखलाचे हात बाजूला धरून ताठ उभा राहिला.

“मले फोन काऊन नाई केला?”

“काय सांगाचं होतं?”

“अरे, बोल ना कायतरी. रडून घे.”

“लोकं खोळंबून राह्यले, जाहिद.” तो पुन्हा चिखलात उतरला.

जाहिदही पॅन्ट वर करून उतरला. त्यानं लावलेली रोपं पाण्यावर तरंगू लागली. मागची बाई ती निमूटपणे उचलून परत रोवत होती. शेवटी प्रफुलची आई आशाबाई म्हणाली, “बाबू, तू पाहुणा. बस ना सावलीत.”

तो दिवसभर सावलीत बसून राहिला.

संध्याकाळी प्रफुल त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

“मी काय करू तुझ्यासाठी? सांग तरी,” जाहिद म्हणाला.

“आला ना तू.”

त्यात माया होती की निरोप, जाहिदला उमगेना. प्रफुलच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात त्यानं मागे घेतला. तेवढ्यात गाडी आली.

गाडी सुटल्यावर त्यानं खिडकीतून मागे पाहिलं. प्रफुल रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता, तोंड गुडघ्यांत खुपसून. त्याची पाठ गदगदत होती.

“थांबवा! मले उतराचं आहे!” जाहिद दाराकडे धावला.

“आता पुढच्या थांब्यावर उतरा, भाऊ,” कंडक्टर म्हणाला.

दारातला दांडा धरून जाहिद मागे बघत राहिला. वळणावर जंगल आड आलं.