पाय वर घेतल्याशिवाय

“गोटी ठेव ओट्यावर, आणि सांग कुठे पळते ते,” बाबा गाडीखालून ओरडले.

माझ्या लेकीला, छोटीला, कडेवर सावरत मी काचेची गोटी ओट्यावर ठेवली. शेगडीला वळसा घालून ती पुढच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन आदळली. छोटीने झडप घातली, पण गोटी तोंडात जायच्या आत मी ती मुठीत धरली.

“पुढे, डावीकडे!”

“वाटलंच. तोच लंगडा.”

ती गाडी म्हणजे एक लांबलचक मोटारहोम होतं. ओटा, पलंग, न्हाणीघर, सगळा संसार चाकांवर. मुक्कामाला उभी केली की तिच्या पोटाखालून तेलाच्या दाबावर चालणारे चार हायड्रॉलिक जॅक उतरतात आणि तिला सपाट धरून ठेवतात. बाबा त्यांना पाय म्हणतात. या गाडीचा पुढचा डावा पाय टेकायचा, भारही घ्यायचा, आणि मग हळूहळू बसत जायचा. दुसऱ्या कुणाचं त्याने काही अडलं नसतं. इथे पलंगावर गाडीच्या मालकीणबाईंचे, मावशींचे, यजमान होते, अर्धांगवायूने पडलेले. गाडी कलली की ते उशीवरून घसरत, आणि त्यांना हाक मारता येत नसे.

“काल सकाळी बघते तर भिंतीला नाक लावून,” मावशी म्हणाल्या. “म्हटलं, अहो, रुसलात की काय?” त्या हसल्या आणि नीट असलेलं पांघरूण पुन्हा नीट करू लागल्या. दुपारी त्यांना लेकीच्या गावी निघायचं होतं. वाटेत मुक्काम होता.

मला मात्र वेगळ्याच कामाला पाठवलं होतं. बाबांचा चेला आता मोठं गॅरेज चालवतो. मी त्याला दादा म्हणते. काल तो फोनवर बराच वेळ छोटीच्या दातांबद्दल विचारत राहिला, तेव्हाच मला शंका आली.

“ताई, काकांच्या हातून दोनदा घोळ झालाय,” शेवटी तो म्हणाला. “काकांना तोंडावर कसं सांगू? पाना धरायला त्यांनीच शिकवलं मला. उद्या तू जा सोबत. नीट झालं तर पुढेही कामं देईन. नाहीतर... तूच सांग त्यांना काहीतरी.”

आई गेल्यावर तेराव्या दिवसानंतर बाबा लगेच कामावर गेले होते. लोक नावं ठेवत होते. मला ठाऊक होतं, घरी बसले असते तर तेही उरले नसते. आणि गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी मला विचारलं होतं, “आता डावीकडेच ना गं?”

पण आज हात कसे चालत होते! आधी चारही पाय वर घेऊन त्यांनी गाडी चाकांवर आणली. “पाय खाली ठेवून व्हॉल्व्ह खोललास, तर गाडी खाली येते आणि माणूस वर जातो,” ते छोटीला म्हणाले. छोटी खदखदून हसली. बोटाएवढा व्हॉल्व्ह काढून त्यांनी उजेडात धरला, फुंकला, पुसला. त्याच्या तोंडाशी केसाएवढा कचरा अडकला होता. तेवढ्यानेच तेल परत झिरपत होतं आणि पाय बसत होता.

“एवढंसं?” मावशी म्हणाल्या.

“मोठं काही कधी नसतंच, बाई.”

व्हॉल्व्ह बसवून त्यांनी पाय खाली घेतले. मावशींनी चहा केला. चहा संपला, छोटीची झोप होऊन गेली, तरी गोटी ओट्यावर ठेवली तिथेच होती. मावशींनी यजमानांच्या कानाशी वाकून सांगितलं, “झालं हो. आता नाही घसरायचं.” मला दादाला तिथल्या तिथे फोन लावावासा वाटला.

“निघण्याआधी तेल बघून टाकतो,” म्हणत बाबांनी बाजूचं कपाट उघडलं. आत मोटर आणि तेलाची टाकी होती. शेजारी मावशींनी घडीच्या खुर्च्या आणि यजमानांचे बूट ठेवले होते. चांगले पॉलिश केलेले, घालायला कुणी नसलेले. बाबांनी झाकण काढलं. “अरे, टाकी तर उपाशी आहे!” आणि तेलाचा कॅन उचलला.

मी सात-आठ वर्षांची असेन. बॅटरी धरून त्यांच्याशेजारी उभी राहायचे. तेव्हापासून पाठ होतं मला: पाय वर घेतल्याशिवाय टाकी बघायची नाही. पाय खाली असले की तेल पायांत असतं. तेव्हा टाकी भरलीस, तर पाय वर येताना ती सगळं ओकते.

मावशी शेजारीच उभ्या होत्या. मी हळूच म्हटलं, “बाबा, पाय खाली आहेत.”

“मग? पाय खालीच असतात. डोक्यावर असतात का?” मावशी हसल्या. बाबाही हसले, आणि ओतत राहिले.

पुन्हा सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यांचा चेहरा इतका खूश होता. छोटीला घास भरवताना माझा होतो तसा. तेवढ्यात त्यांनी झाकण लावून बटण दाबलं.

पाय वर येऊ लागले तसं झाकणाच्या कडेने लाल तेल उसळलं. खुर्च्यांवर, बुटांवर, तिथून खाली गवतावर. बाबांनी बटण सोडलं नाही. हात तसाच ठेवून ते बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचं तेल सांडत होतं. मीच त्यांचं बोट बाजूला केलं.

“छोटी मध्येच रडली ना,” मी म्हटलं, “त्यात लक्ष गेलं.” छोटी रडली नव्हती.

“तेलच आहे हो,” मावशी घाईघाईने म्हणाल्या. “आमचंच झाकण सैल असणार.”

“झाकणाला काही झालं नाही, बाई,” बाबा म्हणाले. “पाय वर घेतल्याशिवाय तेल बघायचं नसतं. पोरांचे कान पिळून शिकवलंय मी हे.”

ते खाली बसले. जास्तीचं तेल उपसलं, कपाट पुसलं, खुर्च्या पुसल्या. बूट मात्र मांडीवर घेऊन बराच वेळ पुसत राहिले, शिवणीशिवणीतून. मावशी “राहू द्या” म्हणाल्या नाहीत. त्या आत जाऊन यजमानांच्या उशाशी बसल्या.

कारमध्ये माझा फोन वाजला. दादा होता. मी काय सांगावं ते जुळवत होते, तोच बाबा म्हणाले, “दे इकडे. नको, हात तेलकट आहेत. कानाला लाव.”

मी लावला.

“हां. पाय धरतोय आता, काळजी नाही. तेल सांडलं. माझ्या हातून.” पलीकडून दादा काहीतरी भराभर बोलत होता. बाबांनी ऐकून घेतलं. “नाही रे राजा. पुढचं काम दुसऱ्या कुणाला दे.”

मी फोन ठेवला. छोटीला तिच्या खुर्चीत बांधलं. मग वाकून बाबांचा पट्टा लावला. एरवी “मला येतं” म्हणून ते हात झटकतात. आज मला जागा व्हावी म्हणून त्यांनी कोपर तेवढं वर केलं.

घर येईपर्यंत त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे धरून ठेवले होते, माझ्या कारला डाग लागू नये म्हणून.