हवापाण्याचा साहेब

माझ्या बोलण्यातला अर्धा माल खोटा असतो, हे आखाडा बाळापूरच्या बाजारात कुणीही सांगेल. कयाधूच्या पुरातून म्हशीची शेपटी धरून मी नांदेडला गेलो होतो आणि येताना म्हैस पुढं निघून आली, मी मागून एस.टी.नं आलो, ही माझीच गोष्ट. पण आज सांगतोय त्यात मी एकच गोष्ट वाढवून सांगणार आहे, आणि ती म्हणजे साहेबाची उंची. बाकीचं जमेल तेवढं कमीच करून सांगतो.

लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. त्याचा खरा दात लागला तो पुढच्या उन्हाळ्यात. झाडावरची माकडं खाली उतरून माणसांशेजारी बसायला लागली होती. आमच्या बौद्धवाड्यातले हातपाय धड असलेले सगळे वारंगा फाट्याच्या सडकेवर खडी फोडायला गेलेले, तिथंच पालं ठोकून राहिलेले. मागं म्हातारे, बाया आणि लेकरं. मी जळबा, म्हाताऱ्यांतला. शेजारी माझी भावजय जनकाबाई, भाऊ वारल्यापासून एकटी. तिची लेक पद्मा बाळंतपणाला आलेली. बाळंत झाली, पोरगं झालं, आणि पद्माला ताप भरला तो उतरेचना. अंग तव्यासारखं. सुईण म्हणाली, पाणी पाजत राहा, तिला पाणी कमी पडू देऊ नका. एवढंच औषध होतं, आणि तेच गावात नव्हतं.

होतं ते गावविहिरीत. बाकीच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. गावविहिरीच्या चौथऱ्यावर आमच्या बायांनी चढायचं नाही. खाली घागर ठेवून उभं राहायचं, वरच्या एखादीला दया आली की ती वरून ओतणार. पाणी भरपूर होतं तेव्हा दयाही भरपूर होती. पाणी तळाला गेलं तशी दयाही गेली. जनकाबाई सकाळपासून उभी राहायची आणि दुपारी पाव घागर घेऊन यायची.

अशात गावात जीप आली. साहेब इतका उंच, की जीपमधून आधी त्याचे गुडघे उतरले आणि बऱ्याच वेळानं तोंड उतरलं. त्याच्यामागं खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक जण, आणि काठीला केसाळ मुंगूस बांधून फिरणारा दुसरा. ते मुंगूस तो बोलणाऱ्याच्या तोंडापुढं धरायचा. आवाज पकडायचं यंत्र होतं ते, पण मी वाड्यातल्या लेकरांना सांगितलं की खोटं बोललं की ते चावतं. बरोबर नागपूरकडचा एक दुभाष्या होता, हरिचंद नावाचा.

गावानं टेलिव्हिजन पाहिला नव्हता. हरिचंद म्हणाला, "बाबा, रेडिओच, पण माणूस दिसतो. हे साहेब समुद्रापलीकडून आलेत. इथलं चित्र तिकडं घराघरात दिसणार."

"आन् आमाला तिकडचं दिसंल का?"

"न्हाई."

"म्हंजी खिडकी हाय, पण एकाच बाजूनं उघडती."

हरिचंद हसला. त्यानं सांगितलं, त्यांच्याकडं चार खाती असतात. एक चालू घडामोडींचं, एक हवापाण्याचं, एक धंदा-व्यापाराचं, एक संस्कृतीचं. प्रत्येकाचा साहेब निराळा. हे आले ते हवापाण्याचे.

"बराबर," मी म्हणालो. "आमच्या तहसील कचेरीत बी असंच हाय. टेबल चुकलं की माणूस परत."

साहेबाला वाट दाखवायला पुढं अमृतराव होता. गावातली निम्मी जमीन त्याची, शब्दही त्याचाच. साहेबानं विहिरीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, सगळं गाव हेच पाणी पितं का?

"सगळं गाव," अमृतराव म्हणाला. "एक गाव, एक पाणी. आमच्यात दुजाभाव न्हाई, साहेबांना सांगा."

साहेबानं मान हलवली आणि इकडं तिकडं पाहिलं. चौथऱ्याच्या खाली जनकाबाई उभी होती. गालफाडं वर आलेली, ओठाला भेगा, डोक्यावर कोरडी घागर. साहेबाला जे पाहिजे होतं ते सगळं तिच्या तोंडावर होतं. त्यानं बोट केलं. तिला पाणी काढू द्या.

अमृतरावाचं तोंड असं झालं, की गरम वांगं तोंडात धरलंय आणि पाहुण्यांपुढं थुंकता येत नाही. नुकताच दुजाभाव नाही म्हणाला होता.

"चल जनके. काढ पाणी."

"मी?"

"मंग काय मी? साहेब म्हणून राहिले ना! चढ लवकर."

जनकाबाई चढली. चौथऱ्यावर पाय ठेवताना तिनं चप्पल काढली, देवळात काढावी तशी. पोहरा सोडला, दोर ओढला, घागर भरली. कॅमेरेवाला म्हणाला, उजेड बराबर नाही, पुन्हा. तिनं घागर खाली उभ्या असलेल्या आमच्या वाड्यातल्या पंचफुलेच्या हंड्यात रिकामी केली आणि पुन्हा काढली. या वेळी मध्येच शेळी आली. पुन्हा. मग अमृतरावाचा चुलतभाऊ संतराम कॅमेऱ्यात डोळा घालून बघायला लागला. पुन्हा. दर वेळी घागर भरत होती आणि खाली आमच्या वाड्याचे हंडे एकामागून एक पुढं सरकत होते. अमृतराव दात दाखवून उभा होता. त्याला हसू म्हणत नाहीत.

जनकाबाई माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "भाऊजी, इचारा की ह्या साहेबाला, उद्या येतो का?"

त्या दिवशी पद्मानं पोटभर पाणी पिलं. कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. संध्याकाळी तिनं डोळे उघडून पोराकडं पाहिलं.

इकडं जीपची धूळ खाली बसायच्या आत विहिरीवर बैठक बसली. विहीर बाटली होती. संतराम म्हणाला, गोमूत्र शिंपडू आणि मोकळं होऊ. पण जुनी माणसं ऐकेनात. अमृतरावाची बायको पार्वतीबाई म्हणाली, हे पाणी मी देवावर घालणार नाही. पाणी उपसून टाकायचं ठरलं. त्या दुष्काळात! मग एका शहाण्यानं तोड काढली, की सगळं कशाला, जनकीचा पोहरा बुडाला तेवढंच वरचं वरचं पाणी काढू, खालचं सोवळंच आहे.

सकाळी उपसा सुरू झाला. बैल चाऱ्याच्या छावणीत गेलेले, म्हणून मोटेच्या दोराला माणसंच जुंपली. आता वरचं पाणी कुठं संपतं यावर भांडण. एक म्हणे हातभर, दुसरा म्हणे पोहरा आडवा झाला होता, म्हणजे आणखी खाली. तिसरा म्हणे, दोरावरून ओघळलेलं पाणी तर पार तळाला गेलं असेल, त्याचं काय? पाणी काही भाकरीसारखं नव्हतं, की वरचा पापुद्रा काढावा. जितकं काढत तितकं त्यांना उरलेलं बाटलेलं दिसायचं.

ते पाणी पलीकडच्या नाल्यात ओतत होते. नाला ते चुरचुर आवाज करत पीत होता. जनकाबाई घागर घेऊन धावली.

"मालक, फेकायचंच हाय तर आमच्या घागरीत फेका की!"

"आज घागरीत घेशील," अमृतराव म्हणाला, "उद्या चौथऱ्यावर येऊन बसशील. एक डाव चढलीस तेवढं बास झालं."

"मी चढले व्हय? तुमीच चढवलं ना!"

तेवढ्यात जीप आली. आदल्या दिवशीच्या फिल्मच्या एका रिळात काही बिघाड झाला होता, म्हणून साहेब परत आला. बघतो तर गाव घाम गाळत विहीर उपसतंय.

"हे काय चाललंय?" हरिचंदनं विचारलं.

"गाळ काढून राहिलो," अमृतरावाची जीभ अडखळली नाही. "गावची सोच्छता."

साहेब असा खूश झाला, जसा काही त्याच्या खात्याला जावईच सापडला. पाण्याचा टिपूस नाही आणि गावकरी आपण होऊन विहीर साफ करतायत! कॅमेरा लागला. दोराला जुंपलेली माणसं, कोसळणारं पाणी, उन्हात त्याचा चकाकणारा पट्टा. चित्र सुंदरच आलं असणार.

जनकाबाई सरळ त्या पट्ट्यापुढं, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. मुंगूसवाल्यानं काठी पुढं केली.

"गाळ न्हाई साहेब," ती म्हणाली. "काल तुमी माझ्या हातानं पाणी काढवलं, म्हणून हे पाणी फेकून राहिले. आमी बौद्ध हाव. माझी लेक घरी तापानं फणफणून राहिली. तुमी सांगा ह्यांना. तुमचं ऐकतील."

हरिचंदचं तोंड उतरलं. पण त्यानं सगळं सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण जनकाबाईला जेवढा वेळ लागला तेवढाच त्यालाही लागला, आणि मध्ये दोनदा त्यानं विहिरीकडं हात केला. साहेबानं टोपी काढली. मग काही बोलला, आणि कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"साहेब म्हणतात," हरिचंद जनकाबाईकडं न बघता म्हणाला, "ही फार गंभीर गोष्ट आहे. पण त्यांचा कार्यक्रम हवापाण्याचा आहे. हे संस्कृतीच्या खात्यात येतं. त्या खात्याचे लोक हिवाळ्यात येणार आहेत, त्यांच्या कानावर ते घालतील."

"हिवाळ्यापस्तोर पद्मा काय पिईल, इचारा."

हे मात्र त्यानं विचारलं नाही. स्वतःच्या गळ्यातली पाण्याची बाटली काढली, तिच्या घागरीत रिकामी केली आणि जीपमध्ये जाऊन बसला. साहेबाला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. जीप वळताना त्यानं टोपी हातातच धरली होती.

विहिरीचा झरा आधीच मरतुकडा. तळ उघडा पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बघतं तर चिखल, आणि कोपऱ्यात ताटाएवढं पाणी. पोहरा बुडेना. कुणीतरी खाली उतरून वाटीनं भरायला पाहिजे होतं. पण उपशानं कडेचे दगड ढिले झालेले, रात्रीतून दोन खाली आले होते. संतरामनं डोकावून पाहिलं आणि त्याला एकदम पाठदुखी आठवली. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या, लेकरं रडत होती.

जनकाबाई आणि मी चौथऱ्याखाली उभे होतो. हरिचंदचं पाणी संपलं होतं. पद्मा आता ओठसुद्धा हलवत नव्हती.

"मी उतरते," जनकाबाई म्हणाली. "पर पहिली घागर पद्माची."

बाटण्याचं कुणी काही बोललं नाही. अमृतराव म्हणाला, "पहिली तुझी. दिली जबान."

कमरेला दोर बांधून तिला सोडलं, आणि पोहऱ्याच्या दोरानं घागर. खालून वाटी घासल्याचा आवाज यायला लागला. पुष्कळ वेळानं घागर वर आली. गढूळ, पण पाणी. मी हात पुढं केले.

"थांब रे जळबा," अमृतराव म्हणाला. "घरात लेकरं तळमळून राहिलीत. ही आमाला, पुढची तुला."

"मालक, जबान दिली तुमी."

"पुढची म्हणलं ना!"

खालून जनकाबाईचा आवाज आला, विहिरीत घुमून मोठा झालेला. "भाऊजी! दिली का पद्माला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आयुष्यभर मी कुणालाही काहीही सांगत आलो. त्या वेळी मला एकसुद्धा थाप सुचली नाही.

"न्हाई दिली वैनी!"

वाटीचा आवाज थांबला.

"जनके, भर!" अमृतराव ओरडला.

"न्हाई भरत."

"मंग वर यायचं न्हाई का तुला? दोर माझ्या हातात हाय!"

"न्हाई यायचं. हितं गार हाय मालक. बसते."

आता वर दोर आणि खाली वाटी. अमृतराव शिव्या द्यायला लागला. बायांची कुजबुज वाढली. कुणीतरी म्हणालं, द्या की एक घागर. अमृतराव म्हणाला, "तुमी बायांनी मधात पडू नका." तेव्हा पार्वतीबाईनं ती भरलेली घागर कमरेवर उचलली, चौथरा उतरली आणि माझ्या हातात दिली. जमिनीवर ठेवून नाही. हातात.

"पळा, जळबा," ती म्हणाली.

मी पळालो. या वयात कसा पळालो ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा पुन्हा सुरू झाला.

घरात पंचफुला बसली होती. मांडीवर लेकरू. पद्माच्या तोंडावर तिनं पदर ओढला होता. माझ्या हातातली घागर पाहून पंचफुलेनं डोळे मिटून घेतले. मग फडक्याचं टोक पाण्यात बुडवून लेकराच्या तोंडात पिळलं. ते चोखायला लागलं. आणखी मागायला लागलं.

मी परत विहिरीवर आलो. खाली वाटी पुन्हा चालू झाली होती. मी पळालेलं तिनं ऐकलं होतं, आणि ती बोलल्याप्रमाणे गावासाठी भरत होती. घागरी वर येत होत्या, रांग पुढं सरकत होती.

"भाऊजी, आले का?" खालून हाक आली. "पिली का ती?"

मी कडेला गेलो. चौथऱ्यावर चढलो ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. खाली अंधारात तिच्या केसांचा पांढरा भांग तेवढा दिसत होता.

"लेकरू पिलं, वैनी," मी म्हणालो.

खाली वाटी थांबली.

"लेकरू पिलं," मी पुन्हा म्हणालो.

रांगेतल्या बायांना कळलं. पार्वतीबाईनं पदर तोंडाला लावला. अमृतरावाच्या हातात दोर तसाच होता. तो दोराकडं बघत होता, रांगेतल्या रिकाम्या घागरींकडं बघत होता.

पुष्कळ वेळानं वाटीचा आवाज आला. एकदा. दोनदा. हातातली घागर तिनं भरून पुरी केली आणि पोहऱ्याच्या दोराला अडकवली.

मग ती म्हणाली, "आता मला वर घ्या."