गल्लीतली मॅडम

माझी शाळा साकोलीला, इंग्लिश मीडियमची. एकोडीहून व्हॅनने जावं लागतं. मधल्या सुट्टीत तिथल्या मुली घर-घर खेळतात आणि दर वेळी मलाच भांडी घासायला बसवतात. "आमची कामवाली अगदी तुझ्यासारखीच बोलते," त्या एकदा म्हणाल्या. तेव्हापासून मी तिथे तोंडच उघडत नाही. टीचर आईला सांगतात, पोरगी फार शांत आहे. शांत कसली डोंबलाची!

संध्याकाळी गल्लीत परत येते, तेव्हा गावच्या शाळेतली पोरं विहाराच्या अंगणात शाळा-शाळा खेळत असतात. मला पाहिलं की रिता ओरडते, "आली आपली मॅडम!" मग मी छडी घेऊन ओट्यावर उभी राहते आणि इंग्रजी कविता शिकवते. खाली सगळे चिकटून बसतात, एकमेकांना चिमटे काढतात, फिदीफिदी हसतात. मॅडमला कोणी चिमटा काढत नाही.

काल मी छडी फेकूनच दिली. "मी नाई होत मॅडम! मले बी खाली बसू द्या."

"मंग शिकवन कोन?" रिताने विचारलं. थोड्या वेळाने सगळे लपाछपी खेळायला उठले. "मॅडम, तुमी बसा," रिता जाता जाता म्हणाली. ती चिडवत नव्हती, त्याचाच जास्त राग आला.

अंगण रिकामं झालं. मी छडी उचलली आणि ओट्यावरून हजेरी घेतली. एकच नाव पुकारलं, माझं. मग खाली उतरून पोरांच्या जागेवर बसले आणि "हजर, मॅडम" म्हणाले.

वर पाहिलं, तर ओट्यावर मॅडम नव्हती.