पहिला पेला

गाड्यांचा खडखडाट आपल्या बायकोच्या, लेटिसच्या कानी जाऊ नये म्हणून कॉर्फील्ड खोगीरवाल्यानं घरासमोरच्या रस्त्यावर पेंढा अंथरला होता. वर, बाळंतिणीच्या खोलीच्या बंद दाराबाहेर डॉक्टर पार्जेटर दोन्ही हात खिशात कोंबून उभे होते. लडलो गावातली निम्मी पोरं त्या हातांत जन्मलेली. डॉक्टरांना त्याचा गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

पण काल त्यांनी तापानं फणफणलेली एक बाळंतीण तपासली होती. तो ताप वैद्याच्या हातांवरून दुसरीकडे जातो, असं त्यांचं ठाम मत. गावातले इतर डॉक्टर त्यावर पोट धरून हसत. हसोत बापडे! असा रुग्ण पाहिला की पंधरा दिवस कुठल्याही बाळंतपणाला हात लावायचा नाही, हा पार्जेटरांचा नेम होता.

आणि नेमकी लेटिस आजच अडली. आधीची दोन बाळं गेलेली, हे तिसरं. "मला डॉक्टरच हवेत," म्हणून तिनं सकाळीच रडून घेतलं होतं. शेवटी आत सुईण ट्रँटरबाई आणि दाराबाहेर डॉक्टर, असा तोडगा निघाला.

"डॉक्टर," आतून ट्रँटरबाईंचा आवाज आला, "पायाळू आहे."

 डॉक्टरांचे हात आपोआप खिशातून निघून दाराच्या मुठीपर्यंत गेले. तिथून त्यांनी ते मोठ्या कष्टानं मागे घेतले.

"ओढू नका हं! कळ येईपर्यंत थांबा!"

"तीस वर्षं थांबतेच आहे की मी."

"कमरेपर्यंत आलं की गरम फडकं गुंडाळा. मग खांदा—"

"गुंडाळलं."

"मग डोकं खाली वळवून, हनुवटी—"

"डॉक्टर, जरा गप्प बसता का? तुमच्या आवाजानं पोरगी घाबरतेय."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना असं म्हटलं होतं. ते मुकाट्यानं जिन्याच्या पायरीवर बसले आणि हात मांड्यांखाली दाबून धरले. खाली कॉर्फील्ड येरझारा घालत होता. आत सगळं चिडीचूप झालं. डॉक्टरांनी मनातल्या मनात आकडे मोजायला घेतले. साठाच्या पुढे गेल्यावर त्यांना देव आठवला.

आणि मग खणखणीत टाहो फुटला.

"मुलगी!" ट्रँटरबाई ओरडल्या. "आई हसतेय, ऐका!"

लेटिसचं हसू दारातून बाहेर आलं, आणि डॉक्टरांनी सरळ रुमाल काढून डोळे पुसले.

कॉर्फील्ड कॉडलचं भांडं घेऊन धावत वर आला. ओटच्या पेजेत वाइन, साखर आणि जायफळ. वाफा निघत होत्या. रिवाजाप्रमाणे पहिला पेला डॉक्टरांचा, मग घरच्यांचा, मग शेजारणींचा, आणि सगळ्यांत शेवटी सुईणीचा. त्यानं पेला पुढे केला.

डॉक्टरांनी हात पुन्हा खिशात घातले. "आज मी केलं काय? नुसती बडबड. आत दे तो."

दार किलकिलं झालं. कोपरापर्यंत बाह्या सरसावलेल्या ट्रँटरबाई बाहेर आल्या. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि एक घोट घेतला. मग डोळे मिटून आणखी एक.

"काय हो," डॉक्टर म्हणाले, "कॉडल बरं झालंय ना?"

"मला काय ठाऊक," ट्रँटरबाई म्हणाल्या. "तीस वर्षांत गरम असताना पहिल्यांदाच पितेय."