भोक नसलेला पत्रा

माझा नवरा लतीफ सौदीत एका शेखच्या गाड्या धुवायचा. परत आला तो गाड्यांतला मोठा शहाणा होऊन. महाड ते नाते गाव प्रवासी जीप चालवायला लागला तेव्हा मला फार बरं वाटलं. नवरा रोज घरी जेवतो, याहून मला काही नको होतं. फक्त तोंड मिटून जेवला असता तर!

नात्याच्या रस्त्यावर दगड लागून स्टँडवरच्या महिपतच्या जीपचं चेंबर फुटलं, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. झालं! लतीफने आपल्या चेंबरखाली जाडजूड पत्रा ठोकायचं ठरवलं. शेखच्या गाडीला असतो म्हणे.

"मग जुनं तेल कुठून काढणार?" मी विचारलं. "भोक ठेवा. नाय तर बोल्टवर बसवा."

"बोल्ट चोरतात गो. आन् भोकात दगड घुसला तर? तू चुलीकडं बघ."

आमच्या गच्चीवरच्या टाकीलासुद्धा गाळ काढायला तळाशी बूच आहे. पण टाकी शेखची नव्हती ना! खिडक्यांचे गज जोडणाऱ्याकडून त्याने पत्रा चहूबाजूंनी वेल्डिंग करून घेतला. खाली कोण कुत्रं बघणार होतं, तरी त्याला हिरवा रंग दिला.

तेल बदलायची वेळ आली. आता पत्रा गॅसने कापावा लागणार होता, आणि सगळा स्टँड हसला असता. म्हणून हा वरून थोडं थोडं नवं तेल ओतत राहिला आणि जुनं खाली तसंच. शिळ्या कालवणात रोज ताजं घालून पाहुण्यांना वाढावं, तसला प्रकार.

"कापा तो पत्रा," मी म्हणायची. "जीप गेली तर तुम्ही परत सौदीला जाल."

"दगड लागला की कसा टणकन वाजतो! काय होत नाय."

एक दिवस वऱ्हाड घेऊन पोलादपूरला निघाला आणि गावाच्या अलीकडेच इंजिन जाम झालं. नवरामुलगा शेरवानीत, भर उन्हात चालत गेला. तिथल्या कोंडाजी मिस्त्रीने पत्रा कापून चेंबर उघडलं, तर तेल वाहिलंच नाही. डांबराच्या गोळ्यासारखं खाली पडलं.

जीप भंगारात गेली. लतीफ पत्रा तेवढा खांद्यावर घेऊन घरी आला.

"बघ, एक पोचा नाय!"

त्या क्षणी मला त्याची इतकी किळस आली की मी ताट वाढून आत निघून गेले. महिन्याभरात तो पुन्हा सौदीला गेला. त्याच शेखकडे, त्याच गाड्या धुवायला. इतकी वर्षं धुतल्या, पण तिथल्या पत्र्याला भोक असतं का, हे खाली वाकून एकदाही बघितलं नव्हतं.

परवा फोन आला. पोरांची चौकशी झाली, मग म्हणाला, "पत्रा हाय ना गो? विकू नको. चांगला माल हाय."

"हाय. दारातल्या गटारावर टाकलाय."

"टिकेल बघ जन्मभर."

"टिकेल. पाणी जायला मी त्याला भोक पाडून घेतलंय."

मग त्याने हळूच विचारलं, "जेवलीस काय?"

फोन ठेवून दिला आणि मग मी रडले.